बाळगायची पिस्तुले : स्वसंरक्षणासाठी लोकांनी जवळ ठेवलेली जुनी आणि चमत्कारिक हत्यारे

कुलूपकिल्ली (धागाकर्ता)

जुन्या पिस्तुलांविषयी बोलणे निघाले की ते थोड्याच वेळात रणांगणावर जाऊन पोहोचते, आणि मग लुगर, कोल्ट आणि वेब्ली यांच्यात डावे-उजवे करता करता धागा संपतो. हा धागा मुद्दाम वेगळ्या हत्यारांसाठी काढला आहे. कोणत्याही सैन्याने न घेतलेली, पण साध्या माणसाने जिवाच्या भीतीपोटी विकत घेतलेली आणि कोटाच्या खिशात, बुटात, सायकलच्या पिशवीत किंवा उशीखाली ठेवलेली पिस्तुले येथे अपेक्षित आहेत. सैनिकाचे पिस्तूल उघडपणे कमरेला असते आणि ते चालवण्याचा त्याला सराव असतो. खिशातले पिस्तूल मात्र वर्षानुवर्षे नुसते वाहायचे असते, आणि कधी लागलेच तर चार पावलांच्या आत, घाबरलेल्या हाताला, एका श्वासात लागते. जे वाहायला सोपे ते चालवायला अवघड, आणि जे चटकन चालते ते खिशातही चटकन चालण्याची भीती. ही ओढाताण कारागिरांनी चारशे वर्षे निरनिराळ्या प्रकारे सोडवू पाहिली आणि त्यातूनच या विचित्र आकृती जन्माला आल्या.

तोड्याच्या बंदुकीला पेटता तोडा, म्हणजे जळती वात, लागतो आणि पेटता तोडा खिशात ठेवता येत नाही, त्यामुळे लपवून बाळगण्याचा प्रश्नच तेव्हा नव्हता. सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चाकाची कळ आली. स्प्रिंगला किल्लीने पीळ देऊन ठेवायचा. चाप ओढला की दातेरी चाक गर्रकन फिरते, पायराइटच्या तुकड्यावर घासते आणि ठिणग्या पडतात. आता भरलेले हत्यार झग्याखाली तासन्‌तास ठेवता येऊ लागले. राज्यकर्त्यांना यातला धोका लगेच उमगला आणि सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनने १५१७ च्या सुमारासच अशा कळीच्या हत्यारांवर बंदी घातली. लपवता येणारे पिस्तूल आणि त्यावरची बंदी ही जवळपास जुळी भावंडे आहेत.

चकमकीच्या पिस्तुलांमध्ये मला सर्वांत हुशारीचे वाटते ते इंग्लंडमधले ‘क्वीन ॲन’ घडणीचे पिस्तूल. ते तोंडाने ठासायचे नाही. नळी आट्यांवर फिरवून काढायची, मागच्या कप्प्यात दारू आणि गोळी ठेवायची आणि नळी पुन्हा घट्ट बसवायची. गोळी नळीच्या पोकळीहून किंचित मोठी असे, त्यामुळे बार उडताना हवा निसटत नसे आणि मारा जोरकस होई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे पिस्तूल दिवसभर खिशात उलटेपालटे झाले तरी गोळी घरंगळून बाहेर येत नसे. याच जातीची अगदी चिमुकली पिस्तुले बायका थंडीत हात घालून ठेवण्याच्या फरच्या नळकांड्यात, म्हणजे मफमध्ये, ठेवीत. म्हणून त्यांना मफ पिस्तूल हे नाव मिळाले.

पुढे टोपीची, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने बार उडणारी, पिस्तुले आली आणि फिलाडेल्फियाचे हेन्री डेरिंजर यांचे एकबारी खिशातले पिस्तूल इतके खपले की नकला करणाऱ्यांनी नावात एक ‘आर’ वाढवून तेच नाव आपल्या मालावर घातले. आज आपण ज्याला जातिवाचक नाम म्हणून डेरिंजर म्हणतो ते स्पेलिंग नकलाकारांचे आहे. एकच बार असल्यामुळे ही पिस्तुले सहसा जोडीने विकली जात. १४ एप्रिल १८६५ रोजी फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने लिंकन यांच्यावर झाडलेले पिस्तूल अस्सल डेरिंजरचेच होते. एक बार झाडून झाल्यावर त्याने ते तिथेच टाकले आणि सुरा काढला, यातच त्या हत्याराची मर्यादा दिसते.

माझी सदस्यांना विनंती अशी आहे की नुसती यादी देऊ नये. ते हत्यार कोणत्या भीतीसाठी घडवले गेले आणि बाळगणाऱ्याला त्यातून कोणता नवा धोका पत्करावा लागला, हे कृपया लिहावे.

दुर्बीण

धागा आवडला. भीतीवरूनच सुरुवात करायची तर कुत्र्यांच्या भीतीसाठी घडवलेल्या रिव्हॉल्व्हरपासून करू या. पॅरिसचे शार्ल-फ्रांस्वा गालां यांनी १८९४ मध्ये ‘व्हेलो-डॉग’ बाजारात आणले. सायकली नव्या होत्या आणि पाठलाग करून पोटरीला चावणाऱ्या कुत्र्यांना त्या पाहावत नव्हत्या. व्हेलोसिपीड म्हणजे सायकल, आणि पुढे इंग्रजी ‘डॉग’, असे हे नाव. यासाठी ५.७५ मिलिमीटरचे लांबुडके, बारीक काडतूस खास तयार केले गेले. कुत्रा मारायचा नसेल त्यांच्यासाठी मेणाच्या किंवा बुचाच्या गोळीची, तसेच तिखटाची पूड भरलेली काडतुसेही मिळत असत.

एका संग्राहकाच्या घरी मला हे रिव्हॉल्व्हर हातात घेऊन पाहायला मिळाले. काडतुसांचे कप्पे रिकामे असल्याची त्यांनी आधी स्वतः खात्री केली आणि नंतर मलाही करायला लावली. पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे बोटाला चापच सापडत नाही. चापाभोवतीचे कडे नाहीच, आणि चाप पुढच्या बाजूला पोटाशी दुमडलेला असतो. तो नखाने ओढून खाली पाडावा लागतो आणि मग तो ‘टक्‌’ आवाज करून उभा राहतो. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, धातूच्या उंचवट्याआड झाकलेला असल्यामुळे कापडात अडकण्यासारखे बाहेर काहीच नाही. खिशातून काढायला याहून गुळगुळीत वस्तू मिळणार नाही. पण चालत्या सायकलवर एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने हे बाहेर काढून, चाप पाडून, मागून येणाऱ्या कुत्र्यावर नेम धरायचा, हे डोळ्यांसमोर आणल्यावर मला कुत्र्यापेक्षा स्वाराचीच जास्त काळजी वाटली.

अवजारपेटी

दुमडत्या चापाचा विषय निघाला आहे तर त्याच्या थोरल्या भावंडांविषयी लिहितो. मी यंत्रकामाच्या व्यवसायातला आहे, त्यामुळे या वस्तूंकडे मी कळ आणि घर्षण या नजरेने पाहतो.

रिव्हॉल्व्हर रुळण्याआधी ‘पेपरबॉक्स’ नावाचा प्रकार होता. यात पाच-सहा नळ्यांचा जुडगाच फिरतो, म्हणजे चक्र आणि नळ्या एकच. अमेरिकेत ईथन ॲलन यांनी १८३७ च्या पेटंटनुसार असे पेपरबॉक्स बनवले की ज्यात चाप ओढण्याच्या एकाच क्रियेत जुडगा फिरे, घोडा उठे आणि पडे. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर तिकडे धावलेल्या हौशा-गवशांमध्ये हे फार चालले, कारण ते कोल्टपेक्षा स्वस्त होते. पण त्याची गंमत पाहा. जुडगा जड, तो फिरवायचे कामही चापाचेच, म्हणून चाप कमालीचा कडक. घोडा सपाट पट्टीसारखा वर पसरलेला, म्हणून नेम धरायच्या रेषेतच आडवा. शिवाय एका नळीची ठिणगी शेजारच्या टोपीला लागली की सगळ्या नळ्या एकापाठोपाठ उडण्याची शक्यता. समोरचा माणूस एवढ्या नळ्यांची तोंडे पाहूनच दबकत असणार, आणि माझ्या मते या पिस्तुलाचा खरा उपयोग तोच होता.

आता ‘अपाश’ रिव्हॉल्व्हरकडे येऊ. पॅरिसमधल्या गुंडांच्या टोळ्यांना अपाश म्हणत, त्यावरून हे नाव. घडण बेल्जियमच्या लुई दोल्न यांची. मूठ उलगडली तर ती बोटांत अडकवायची लोखंडी ठोशाची कडी होते, खालून पाते बाहेर येते आणि मधोमध सात मिलिमीटरच्या काडतुसांचे सहा कप्प्यांचे चक्र. नळी मुळी नाहीच. गोळी चक्रातूनच थेट बाहेर पडते, त्यामुळे हातभराच्या पलीकडे नेमाचा प्रश्न नशिबावर. यातली काडतुसे लेफोशो पद्धतीची आहेत, म्हणजे प्रत्येक काडतुसाच्या कडेला एक पितळी खिळा बाहेर डोकावत असतो आणि घोडा त्या खिळ्यावर पडतो. चापाला कडे नाही, खिळे उघडे आणि हे सारे दुमडून पाटलोणीच्या खिशात. जाणकार लोक घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवीत, हे मला मुळीच नवलाचे वाटत नाही.

तीन हत्यारे एकात आणायच्या नादात एकही धड झाले नाही. ठोशाच्या कड्या पातळ, पाते लवचीक आणि पिस्तूल आंधळे. त्या मानाने न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलचे जेम्स रीड यांचे ‘माय फ्रेंड’ पुष्कळ शहाणपणाचे आहे. त्यावर डिसेंबर १८६५ च्या पेटंटचा उल्लेख कोरलेला असतो. तेही सुरुवातीला बिननळीचे, पण धातूची मूठ अखंड आणि तिला एकच मोठे भोक. त्यात करंगळी अडकवून मूठ आवळली की ठोसा मारायला उत्तम. गोळ्या संपल्यावर किंवा काडतूस फुसके निघाल्यावर जे उरते तेही कामाचे असावे, इतका साधा विचार त्यामागे आहे.

मंदगती

वरचे सगळे कुतूहलाच्या कपाटात शोभणारे आहे, हे मान्य. पण डेरिंजरची सरसकट थट्टा होऊ नये. रेमिंग्टनचे दुनळी डेरिंजर १८६६ पासून थेट १९३५ पर्यंत बनत होते आणि सुमारे दीड लाख खपले. सत्तर वर्षे लोक एखादी वस्तू निरुपयोगी असूनही विकत घेत राहतील, हे मला पटत नाही. जुगाराच्या टेबलावर समोरच्याच्या बाहीत .४१ चे (हे माप इंचात) डेरिंजर असेल या शंकेनेच लोक सभ्यपणे वागत. जे तेव्हा पुरेसे होते ते आज का पुरेसे असू नये?

कुलूपकिल्ली

मंदगती, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण आधी आकडे पाहू या. .४१ च्या त्या आखूड रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या) काडतुसात १३० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅमची, शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ४२५ फूट वेगाने निघते. हिशेब केला तर ऊर्जा सत्तर ज्यूलच्या आसपास येते. आजच्या साध्या नऊ मिलिमीटरच्या काडतुसाची ऊर्जा पाचशे ज्यूलच्या घरात असते. इतक्या संथ गोळीला जाड लोकरीचा ओव्हरकोट हासुद्धा विचारात घेण्याजोगा अडथळा होता. रेमिंग्टनच्या त्या पिस्तुलाचा आणखी एक नाजूक भाग म्हणजे वरची बिजागरी. वर्षानुवर्षे उघडझाक होऊन तिच्या कानांना चिरा जातात, आणि आज बाजारात येणाऱ्या नमुन्यांत ही चीर हमखास शोधावी लागते.

मग लोक त्याला घाबरत का होते? याचे उत्तर बंदुकीत नसून दवाखान्यात आहे असे मला वाटते. निळी शाई यांनी यावर लिहिले तर बरे होईल, कारण तो त्यांचा प्रांत आहे.

निळी शाई

आठवण काढलीत म्हणून लिहिते. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या काळात पोटात शिरलेली गोळी किती वेगाची होती याला फारसा अर्थ नव्हता. कापडाच्या चिंध्या आणि मळ आत घेऊन शिरलेली संथ गोळीही आठवड्याभरात जीव घेऊ शकत होती आणि हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून समोरच्याने छोटेसे पिस्तूल काढले तरी माणूस मागे सरत असे.

अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांची उदाहरणे या धाग्याच्या विषयात अगदी चपखल बसतात, कारण दोन्ही वेळी हत्यार खिशातलेच होते. जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी चार्ल्स गिटो याने ‘ब्रिटिश बुलडॉग’ जातीच्या आखूड नळीच्या, जाड गोळीच्या रिव्हॉल्व्हरने दोन गोळ्या झाडल्या. त्यांतली एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीतून शिरली आणि स्वादुपिंडाजवळ जाऊन बसली. तिने एकही मोठा अवयव निकामी केला नव्हता. पण गोळी शोधण्यासाठी डॉक्टर न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत पुनःपुन्हा घालत राहिले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधायचे यंत्र घेऊन आले, तरी गोळी सापडली नाही. गारफील्ड १९ सप्टेंबरला वारले, म्हणजे ७९ दिवसांनी, आणि ते मुख्यतः जंतुसंसर्गाने. विल्यम मॅकिन्ली यांना ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो येथे लिऑन चोल्गोशने रुमालात गुंडाळलेल्या हातातून .३२ च्या आयव्हर जॉन्सन रिव्हॉल्व्हरने दोन गोळ्या मारल्या. सुरुवातीला सुधारणा दिसली आणि आठव्या दिवशी, १४ सप्टेंबरला, आतल्या कुजण्याने त्यांचा अंत झाला.

यावरून लक्षात घ्यावे ते असे की या छोट्या हत्यारांनी माणूस मरत असे, पण तो थांबत नसे. आठ दिवसांनी किंवा ऐंशी दिवसांनी मरणारा हल्लेखोर स्वसंरक्षणाच्या कामाचा नाही, कारण त्याच्याकडे तुमचा गळा दाबायला पुरेसा वेळ उरतो. मंदगती यांच्या ‘पुरेसे’ या शब्दात मरण आणि थांबणे यांची गल्लत झाली आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पाऊलवाट

थांबवण्याचा विषय निघाला आहे तर जागच्या जागी थांबवण्यासाठीच घडवलेले पिस्तूल राहून कसे चालेल? इंग्रजीत ज्याला ‘हाउडा पिस्टल’ म्हणतात त्यातला हाउडा म्हणजे आपला हौदा. हत्तीवर बसून वाघाच्या शिकारीला निघाल्यावर जखमी वाघ हत्तीच्या अंगावरून वर चढू लागला तर लांब बंदूक वळवायला जागाच नसते. त्या क्षणासाठी दुनळी, आखूड आणि प्रचंड व्यासाची पिस्तुले जवळ ठेवली जात. सुरुवातीची कितीतरी तर मोठ्या रायफलींच्या नळ्या कापूनच केलेली होती. पुढे लंडनच्या चार्ल्स लँकेस्टर या कंपनीने १८८० च्या दशकात चार नळ्यांचे पिस्तूल केले. त्यात फिरणारे चक्र नाही. चारही नळ्या एका ठोकळ्यात स्थिर आणि आतला ठोकण्याचा भाग फिरून एकेका काडतुसावर पडतो. हिंदुस्थानात आणि सुदानात गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ते स्वखर्चाने विकत घेतले, कारण रिव्हॉल्व्हरचे चक्र अडकण्याची त्यांना धास्ती होती. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे नेहमीचे आटे नसून पोकळीच किंचित लंबवर्तुळाकार पिळलेली असे, ही त्यातली खास लँकेस्टर कारागिरी.

आपल्याकडच्या कट्यारींना दोन्ही बाजूंनी टोपीच्या पिस्तुलाच्या नळ्या जोडलेले नमुनेही संग्रहांतून पाहायला मिळतात. मूठ आवळली की पाते पुढे आणि नळ्याही पुढेच. ते खरोखर कोणी बाळगले की दरबारात मिरवले, याबद्दल मात्र माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

आणि आणखी एक आठवण. तरुण विन्स्टन चर्चिल १८९६ मध्ये मुंबईला ससून डॉकवर उतरताना भिंतीतले लोखंडी कडे धरायला गेले, तेवढ्यात लाटेने होडी खाली गेली आणि त्यांचा खांदा निखळला. तो खांदा त्यांना जन्मभर नडला. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानातल्या ऑमदुरमानच्या लढाईत घोडदळाबरोबर धावा करताना तलवार फिरवणे धोक्याचे, म्हणून त्यांनी हाती घेतले ते माउझर सी ९६, दहा काडतुसांचे, केरसुणीच्या दांड्यासारख्या मुठीचे, तेव्हा अगदी नवलाईचे पिस्तूल. त्या गर्दीतून ते सुखरूप बाहेर पडले. हे लष्करी प्रसंगातले उदाहरण असले तरी निवड वैयक्तिक अडचणीतून झाली होती, म्हणून धाग्यात बसते असे मी मानतो.

कुलूपकिल्ली

बसते, निश्चितच. आता मी ज्या वस्तूची वाट पाहत होतो ती कोणीच काढली नाही, म्हणून मीच लिहितो. झाक तुर्बियो यांनी पॅरिसमध्ये १८८२ च्या पेटंटाने केलेले ‘प्रोटेक्टर’ हे पिस्तूल पाहून ते पिस्तूल आहे असे कोणालाही वाटणार नाही. खिशातल्या जाड घड्याळासारखी गोल चकती; पुढून बोटभर नळी निघालेली आणि मागे एक दट्ट्या. चकती तळहातात, नळी तर्जनी आणि मधले बोट यांच्या मधून बाहेर, आणि मूठ आवळली की दट्ट्या आत जाऊन बार उडतो. आतली काडतुसे सूर्याच्या किरणांसारखी टोके बाहेर करून वर्तुळात मांडलेली असतात, आठ मिलिमीटरची सात किंवा सहा मिलिमीटरची दहा. पुढे अमेरिकेत मिनिआपोलिस आणि शिकागो येथील कंपन्यांनी ते विकले.

कल्पना मला फार मोहक वाटते, कारण घाबरलेला माणूस मूठ आवळतोच. जी क्रिया भीतीने आपोआप होते तीच चापाचे काम करते. पण नेमकी तीच त्याची खोट आहे, कारण माणूस ठेचकाळला, कोणी धक्का दिला किंवा खिशात हात घालून थंडीने मूठ आवळली तरी क्रिया तीच. म्हणून नंतरच्या घडणीत बोटाने दाबायचा एक जादा खटका बसवावा लागला. शिवाय गोळ्या संपल्यावर चकती उघडून, आतले चक्र काढून, नव्याने भरून बसवायची. तोवर भांडण मिटून साक्षीपुरावे सुरू झालेले असतील.

अवजारपेटी

खटक्याचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर लिहितो, कारण जुनी हत्यारे हाताळणाऱ्या मित्रांच्या उपयोगाचे आहे.

जुन्या बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याच्या टोकालाच ठोकायची सुई असते आणि घोडा खाली असताना ती काडतुसाच्या बुडाला टेकलेली राहते. असे रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटून पडले की बार उडू शकतो. १८७३ च्या कोल्टच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरलाही हे लागू आहे, आणि म्हणून सहा कप्प्यांत पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवण्याची रीत पडली. आयव्हर जॉन्सनने १८९० च्या दशकात घोडा आणि सुई वेगळे केले आणि मध्ये एक पट्टी आणली. चाप पूर्ण ओढला तरच ही पट्टी वर येते आणि घोड्याचा ठोका सुईपर्यंत पोहोचवते. त्यांच्या जाहिराती सांगत की आमच्या घोड्यावर खुशाल हातोडा मारा. निळी शाई यांनी सांगितलेल्या मॅकिन्ली प्रकरणातले हत्यार याच कंपनीचे, हा दैवदुर्विलास. स्मिथ अँड वेसनने १८८७ च्या सुमारास वेगळी वाट काढली. घोडा पूर्ण आत झाकला आणि मुठीच्या मागे एक दाबपट्टी बसवली. ती दाबल्याशिवाय चाप हलतच नाही. तिला लोक गमतीने लिंबू-पिळणी म्हणत. हे रिव्हॉल्व्हर १९४० पर्यंत बनत राहिले, आणि माझ्या मते त्या शतकातले बाळगायला सर्वांत सुरक्षित खिशातले हत्यार तेच.

आता स्वतःचा अनुभव. एका लिलावातून आणलेले मधोमध मोडून उघडणारे जुने .३२ चे रिव्हॉल्व्हर तपासायला माझ्याकडे आले होते. विकणाऱ्याने ‘चालू स्थितीत, तपासलेले’ असे चिठ्ठीवर लिहिले होते. दिसायला देखणे, निकेलचा मुलामा शाबूत. घोडा चढवून चक्र बोटाने हलवून पाहिले तर ते जागच्या जागी चांगलेच डुलत होते. नळीतून बारीक दिवा टाकल्यावर दिसले की कप्पा आणि नळी समोरासमोर येतच नव्हते. चंद्रकोरीएवढी कड उघडी राहत होती. गोळी त्या कडेवर आपटून शिशाचा कीस बाजूने उडवणार, आणि तो उडवणाऱ्याच्याच तोंडावर. वरची पकडही इतकी झिजलेली की अंगठ्याने हलकेच दाबले तर रिव्हॉल्व्हर उघडत होते. भरीस भर म्हणजे ते जुन्या, कमी जोराच्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेले, आणि मालकाने त्यासाठी आजची काडतुसे आणून ठेवली होती. मी ते परत केले आणि फक्त भिंतीवर लावा असे सांगितले. मालक अजून माझ्यावर नाराज आहेत, याला माझा इलाज नाही.

मंदगती

निळी शाई आणि अवजारपेटी, दोघांचेही पटले. माझे ‘आज का पुरेसे असू नये’ हे वाक्य मी मागे घेतो. पण एक शंका आहे. अतिलहान पिस्तुलांचा हव्यास कुठवर गेला होता?

कुलूपकिल्ली

कोलिब्रीपर्यंत. ऑस्ट्रियाचे घड्याळजी फ्रांत्स फानल यांनी १९१४ मध्ये २.७ मिलिमीटरचे हे पिस्तूल बाजारात आणले. गोळीचे वजन तीन ग्रेन, म्हणजे एक पंचमांश ग्रॅम, आणि ऊर्जा चार ज्यूल. नळीला आटेसुद्धा नाहीत. काडतूस इतके इवले की चिमट्याने भरावेसे वाटते. डोळ्याला लागले तर भयंकर, बाकी ठिकाणी समोरच्याचा राग वाढवण्यापलीकडे उपयोग नाही.

उलट टोक म्हणजे १९६० च्या दशकातले जायरोजेट. त्यात गोळी नव्हती, तेरा मिलिमीटरचे छोटे रॉकेट होते. हाताला धक्का जवळजवळ नाही. पण रॉकेट नळीतून निघताना संथ असते आणि पुढे जाता जाता वेग घेते. स्वसंरक्षणात समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो आणि हे हत्यार नेमके तिथेच सर्वांत दुबळे.

दुर्बीण

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे परत येते : लोकांनी खरोखर बाळगले काय? त्याच संग्राहकांकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी हाच प्रश्न विचारला. त्यांनी काही न बोलता मखमलीच्या कापडावर पाच-सहा हत्यारे मांडली आणि भिंग माझ्या हातात दिले.

बाळगलेल्या पिस्तुलाची झीज वेगळी असते. कातडी म्यानातल्या हत्याराचा निळसर मुलामा नळीच्या टोकाला आणि चक्राच्या कडांना उडतो. खिशातल्या हत्याराची अंगाकडची बाजू घामाने खाल्लेली असते, बारीक सुईने टोचल्यासारखे गंजाचे खड्डे पडतात, आणि बाहेरची बाजू मात्र ठीक असते. चापामागच्या फटीत कापडाचे तंतू दाबून बसून त्यांचा नमद्यासारखा थर झालेला असतो.

प्रोटेक्टरवर अशी एकही खूण नव्हती. व्हेलो-डॉगची पितळ तेवढी काळवंडली होती आणि चापाच्या सांध्यावर कारखान्यातली कानशीची रेघ अजून स्पष्ट दिसत होती. ते खणातून क्वचितच बाहेर आले असणार. भिंगाखाली झिजलेली आढळली ती तीनच. एक .३१ चे कोल्ट पॉकेट, १८४९ च्या घडणीचे, जे कोल्टने तीन लाखांहून अधिक बनवले. दुसरे अवजारपेटी यांची लिंबू-पिळणी. तिसरे जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्याचे कोल्ट १९०३, .३२ चे, चपटे आणि आठ काडतुसांचे. त्याच्या नावात ‘हॅमरलेस’ असले तरी घोडा आत लपलेला असतोच. या तिसऱ्याच्या मुठीची उजवीकडची फळी इतकी गुळगुळीत झाली होती की त्यावर कोरलेल्या चौकटींच्या रेघा बोटालाही लागत नव्हत्या, आणि डावीकडची फळी मात्र नवी असावी तशी खरखरीत होती. कोणीतरी पुष्कळ वर्षे ते उजव्या खिशात ठेवले असावे आणि अस्वस्थ वाटले की आत हात घालून अंगठा फिरवत राहिले असावे. नळी मात्र आतून आरशासारखी स्वच्छ होती. संग्राहकांच्या मते त्यातून पन्नास गोळ्यासुद्धा उडालेल्या नाहीत.